वाघ मोजले; पण जगले किती?

राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४ मध्ये १६ ते १८ वाघ असल्याची नोंद सरकारदप्तरी झाली होती. २००५ च्या सुरुवातीला तेथे एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. शिकाऱ्यांनी जंगल रिकामे केले होते. कागदावरचे वाघ मात्र शाबूत होते. देशभर खळबळ उडाली, सीबीआयने चौकशी केली, पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले. शिकारी टोळ्या आणि ढिली गस्त यांवर पुष्कळ चर्चा झाली. त्यामानाने एका साध्या प्रश्नाकडे थोड्यांचेच लक्ष गेले. एकामागून एक वाघ नाहीसे होत असताना ते वेळीच कोणाच्या ध्यानात कसे आले नाही?

या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मोजणीच्या पद्धतीत दडलेले आहे. जंगलात किती प्राणी आहेत, हा एक प्रश्न. त्यांतले किती पुढील वर्षी जिवंत असतील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मथळ्यात येते, पण संवर्धनाचे निर्णय दुसऱ्यावर अवलंबून असतात. वीस वाघांचे जंगल पुढच्या वर्षीही वीस वाघांचेच राहिले, तर तेथे एकही वाघ दगावला नसेल किंवा आठ दगावून आठ नवे आले असतील. आकडा एकच, परिस्थिती मात्र अगदी वेगळी. हा फरक ओळखण्यासाठी संख्याशास्त्राने गेल्या शतकात जी साधने घडवली, त्यांचा हा परिचय.

ठशांचा हिशेब

ओडिशातील वनाधिकारी एस. आर. चौधरी यांनी १९६० च्या दशकात वाघांच्या पाऊलखुणांवरून गणना करण्याची पद्धत विकसित केली. ठसा काचेवर रेखाटून घ्यायचा, त्याचा प्लास्टरचा साचा काढायचा आणि आकारातील फरकावरून वाघ वेगवेगळे ओळखायचे. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ नोंदले गेले. २००१-०२ पर्यंत हा आकडा ३,६४२ वर पोहोचला.

वनरक्षकांनी या कामी घेतलेले कष्ट खरेच होते. पण पद्धतीचा पायाच डळमळीत होता. एकाच वाघाचा ठसा वाळूत एक आणि चिखलात दुसरा उमटतो. शिवाय प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच, हे गृहीत धरलेले होते. निसटलेले वाघ किती, हे सांगण्याची सोय नव्हती. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची प्रथा आहे. तिलाही हाच आक्षेप लागू पडतो. त्या रात्री पाणवठ्यावर न आलेल्या प्राण्यांचे काय?

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळी होती. ठशावरून वाघाची ओळख खात्रीने पटत नसल्याने ‘गेल्या वर्षीचा अमुक वाघ यंदा आहे का’ हा प्रश्न विचारताच येत नव्हता. ज्याची ओळखच नाही, त्याच्या मृत्यूची नोंद होणार तरी कशी?

निसटलेल्यांची मोजणी

न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाज बांधण्याची युक्ती मासे आणि बदकांच्या अभ्यासातून पुढे आली. डेन्मार्कचे संशोधक पीटरसन यांनी १८९६ मध्ये खूण केलेल्या माशांच्या अभ्यासातून तिचा पाया घातला. अमेरिकेत फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये कडी घातलेल्या बदकांसाठी तीच कल्पना वापरली.

तर्क सरळ आहे. समजा, एका जंगलात पहिल्या फेरीत २० वाघांची छायाचित्रे मिळाली. काही दिवसांनी दुसऱ्या फेरीत पुन्हा २० मिळाले आणि त्यांपैकी १० पहिल्या फेरीतलेच निघाले. म्हणजे दुसऱ्या फेरीतील निम्मे वाघ आधीच ओळखीचे होते. याचाच अर्थ पहिल्या फेरीत जंगलातील साधारण निम्मेच वाघ टिपले गेले असावेत. ते निम्मे २०, तर एकूण वाघ सुमारे ४०. प्रत्यक्ष पाहिलेले वेगवेगळे वाघ ३०. उरलेले १० कोणाच्याही नजरेस न पडता हिशेबात आले.

या गणितासाठी प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता यावा लागतो. वाघाच्या बाबतीत निसर्गानेच ही सोय करून ठेवली आहे. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण निराळी असते. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात. म्हणून जंगलवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बसवतात. वाघ मधून गेला, की दोन्ही कुशींची छायाचित्रे निघतात.

वाघांचा हजेरीपट

एका वर्षातील संख्या अशी काढता येते. पण एका वर्षातून दुसऱ्या वर्षात किती वाघ जिवंत पोहोचले, हे कसे कळणार? हे कोडे रिचर्ड कॉर्मॅक यांनी १९६४ मध्ये, तर जॉर्ज जॉली आणि जॉर्ज सेबर यांनी १९६५ मध्ये स्वतंत्रपणे सोडवले. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे हे प्रारूप आजही या विषयाचा कणा आहे.

शाळेच्या हजेरीपटासारखी त्याची रचना असते. प्रत्येक वाघासमोर दिसला त्या वर्षी १ आणि दिसला नाही त्या वर्षी ० लिहायचे. पहिल्या वर्षी २० वाघ टिपले गेले. दुसऱ्या वर्षी त्यांपैकी १२ दिसले. उतावळेपणाने पाहिले तर जगण्याचे प्रमाण ६० टक्के ठरते आणि आठ वाघ मेले, अशी हाकाटी होते.

आता तिसऱ्या वर्षाची नोंद पाहू. पहिल्या २० पैकी १० वाघ या वर्षी दिसले. त्यांतील ८ दुसऱ्या वर्षीही दिसले होते. पण २ वाघांसमोर मात्र १-०-१ अशी नोंद आहे. हे दोघे दुसऱ्या वर्षी गैरहजर होते, पण जिवंत होते, हे आता सिद्ध झाले. म्हणजे दुसऱ्या वर्षी नक्की जिवंत असलेल्या १० पैकी ८ च वाघ कॅमेऱ्याने पकडले. वाघ जिवंत असेल तर त्या वर्षी तो दिसण्याची शक्यता ८० टक्के ठरली. मग दुसऱ्या वर्षी दिसलेले १२ हे प्रत्यक्षातील १५ वाघांचे प्रतिनिधी होत. जगण्याचे प्रमाण ६० नव्हे, ७५ टक्के!

सगळी किमया त्या मधल्या शून्यात आहे. ‘दिसला नाही’ याचे ‘मेला’ आणि ‘जिवंत असून निसटला’ असे दोन अर्थ संभवतात. पुन्हा दिसलेल्या प्राण्यांच्या नोंदी हे दोन अर्थ वेगळे करतात. प्रत्यक्ष अभ्यासात वर्षे अधिक असतात, कॅमेऱ्यांची संख्या बदलते, काही वाघ बुजरे असतात. त्यामुळे हे काम संगणकावर करावे लागते. पण गाभ्यातील विचार एवढाच आहे.

नागरहोळेचा धडा

कर्नाटकातील नागरहोळे येथे के. उल्हास कारंथ यांनी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जेम्स निकल्स आणि सहकाऱ्यांसह नऊ वर्षे असा हजेरीपट ठेवला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. एक कॅमेरा-संच एक रात्र, या हिशेबाने ५,७२५ रात्रींच्या पाहणीत ७४ वेगवेगळे वाघ ओळखले गेले.

एक वाघ एका वर्षातून पुढील वर्षात त्या जंगलात टिकण्याचे प्रमाण ७७ टक्के निघाले. म्हणजे देशातील उत्तम संरक्षित जंगलांपैकी एकातूनही दरवर्षी शंभरातले सुमारे २३ वाघ मृत्यूमुळे किंवा कायमच्या स्थलांतरामुळे कमी होत होते. हा आकडा ऐकून कोणीही धास्तावेल. पण त्याच अभ्यासात वाघांची संख्या दरवर्षी सरासरी तीन टक्क्यांनी वाढत असल्याचेही दिसले. काही वर्षी एकही नवा वाघ दाखल झाला नाही, तर एका वर्षी १४ नवे आले.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या, की धोरण स्पष्ट होते. वाघांचे मरण हे तेवढ्यापुरते संकट नसते. भक्ष्य भरपूर असेल आणि माद्या सुरक्षित असतील, तर वाघांची वीण मोठी हानीही भरून काढते. चितळ, सांबर, गवे संपले, की भरपाईचा हा झराच आटतो. मग एकाही वाघाला गोळी न लागता जंगल रिकामे होऊ शकते. म्हणून गस्तीत वाघाइतकीच चितळ-सांबरांची राखण महत्त्वाची ठरते.

या अभ्यासाने आणखी एक बारकावा टिपला. प्रथमच टिपलेला वाघ निव्वळ वाटसरू असण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होती. तो जंगल ओलांडून पुढे जातो आणि पुन्हा दिसत नाही. अशांना मुक्कामी वाघांत धरले, तर जगण्याचे प्रमाण विनाकारण कमी भरते. शिवाय ७७ टक्के हा आकडाही एकटा येत नाही. त्यातील संभाव्य चूक लक्षात घेता खरे प्रमाण साधारण ६७ ते ८७ टक्क्यांच्या दरम्यान असावे. आपल्या अज्ञानाची रुंदी सांगणारा आकडाच विश्वासार्ह असतो. पाऊलखुणांच्या गणनेत नेमकी हीच रुंदी सांगितलेली नसे.

मेला, की निघून गेला?

विदर्भातील वाचकांना ‘जय’ आठवत असेल. नागझिऱ्यात जन्मलेला हा भारदस्त वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला आणि पर्यटकांचा लाडका झाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. एप्रिल २०१६ पासून त्याचा पत्ता लागला नाही. शोध झाला, तर्क झाले. पण त्याचे पुढे काय झाले, याचा पुरावा हाती आला नाही.

याउलट ‘वॉकर’ या नावाने गाजलेला वाघ. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला कॉलर लावली. तेलंगणातील जंगलांसह तीन हजारांहून अधिक किलोमीटरची पायपीट करून तो बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कॉलर नसती, तर टिपेश्वरच्या हजेरीपटात त्याच्यासमोर शून्यांची रांग लागली असती आणि तो मेल्यात जमा झाला असता. केवळ कॅमेऱ्यांवरून काढलेले जगण्याचे प्रमाण खऱ्या प्रमाणापेक्षा कमी भरण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

कॉलर लावलेल्या प्राण्यांसाठी वैद्यकशास्त्राच्या परिचयाची एक पद्धत उपयोगी पडते. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये ती मांडली. कर्करोगाच्या उपचारांत किती रुग्ण किती काळ जगले, हे तिच्यावरून काढतात. काही रुग्ण मध्येच तपासणीला येणे बंद करतात. त्यांना ना मृत धरता येते, ना जिवंत. १९८९ मध्ये केनेथ पोलॉक आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत कॉलरधारी वन्यप्राण्यांना लागू करून दाखवली.

समजा, दहा प्राण्यांना कॉलर लावली. प्रथम एक मेला. दहापैकी नऊ उरले. मग दोघांच्या कॉलर मुक्या झाल्या. त्या क्षणापासून त्यांना हिशेबातून वगळायचे, सात उरले. पुढे त्यांतला एक मेला, सातपैकी सहा. जगण्याचे प्रमाण नऊ-दशांश गुणिले सहा-सप्तमांश, म्हणजे सुमारे ७७ टक्के. मुक्या कॉलरचे दोन्ही प्राणी मेले असे धरले असते तर ६० टक्के, दोन्ही जिवंत धरले असते तर ८० टक्के. जेवढा काळ माहिती आहे तेवढीच वापरायची, पुढचे कल्पनेने भरायचे नाही, हा या पद्धतीचा प्रामाणिकपणा. अर्थात, शिकाऱ्याने वाघ मारून कॉलरच नष्ट केली असेल, तर हे गणितही फसते. म्हणून कॉलर का बंद पडली, याचा तपास जंगलात जाऊनच करावा लागतो.

घाव नेमका कुठे?

जगण्याचे प्रमाण कळले, की कोणत्या वयाचा प्राणी वाचवल्याने सर्वाधिक फरक पडेल, हे तपासता येते. याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील लॉगरहेड जातीच्या सागरी कासवांचे. तेथे संवर्धनाचा भर किनाऱ्यावरील घरटी आणि अंडी राखण्यावर होता. डेबोरा क्राउस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल यांनी १९८७ मध्ये कासवाच्या आयुष्याचे सात टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यातील जगण्याच्या प्रमाणांवरून गणित मांडले. निष्कर्ष धक्कादायक होता. अंडी आणि पिले शंभर टक्के वाचवली, तरी कासवांची घसरण थांबणार नव्हती. खरी गळती मोठ्या, पण अद्याप प्रौढ न झालेल्या कासवांत होती. त्यांचे वर्षभर जगण्याचे प्रमाण जेमतेम ६८ टक्के होते. अशी अनेक कासवे कोळंबीच्या जाळ्यांत अडकून बुडत होती. या गणिताने जाळ्यातून कासवाला बाहेर पडू देणाऱ्या ‘टेड’ या साधनाची बाजू बळकट केली.

हे आकडे आपल्या ऑलिव्ह रिडले कासवांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण विचाराची दिशा लागू पडते. कोकणात वेळास येथे २००२ पासून घरटी राखण्याचे मोलाचे काम झाले आहे. त्याच्या जोडीला समुद्रातही कासव जगले पाहिजे. जाळे कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची महाराष्ट्राची योजना २०१८ मध्ये आली, तिचे महत्त्व या गणितातून कळते.

गिधाडांची कहाणी अधिक दारुण आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. मुंबईतील पारशी समाजाच्या दोखम्यांवरील व्यवस्थाही गिधाडांअभावी अडचणीत आली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांचा जीव घेते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हा शंका घेतली गेली, की हे औषध थोड्याच जनावरांना दिले जात असताना एवढा संहार होईल कसा? ऱ्हिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी गणिताने उत्तर दिले. शंभरातील एकाहूनही कमी मृत जनावरांत घातक मात्रा असली, तरी असा ऱ्हास घडू शकतो. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. अशा पक्ष्यांची जात टिकते ती प्रौढांच्या दीर्घायुष्यावर. प्रौढांचा मृत्युदर थोडा वाढला, तरी वीण तो भरून काढू शकत नाही. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०१५ मध्ये माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या बंद झाल्या. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. शंभरात एकाचा हिशेब ध्यानात ठेवला, तर चोरट्या मार्गाने होणारा थोडा वापरही का चालणार नाही, हे कळते.

वाघाचे गणित आणि गिधाडाचे गणित असे भिन्न आहे. वाघ हानी भरून काढतो, गिधाड काढत नाही. दोघांना एकच उपाय लावला, तर पैसा खर्च होतो, पण प्राणी वाचत नाही.

देशाची गणना

सरिस्कानंतर भारताने पाऊलखुणांची पद्धत सोडली. नव्या पद्धतीच्या २००६ च्या पहिल्या पाहणीत १,४११ वाघांचा अंदाज निघाला. २०२२ च्या पाहणीत तो ३,६८२ झाला, तर महाराष्ट्राचा आकडा १०३ वरून ४४४ वर गेला. २०२२ मध्ये ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३,०८० वेगवेगळ्या वाघांची छायाचित्रे मिळाली.

पद्धतीवर वाद झाले आणि ते आवश्यकही होते. कॅमेरे नसलेल्या भागात खुणा आणि भक्ष्य यांवरून वाघांची संख्या वर्तवण्याच्या रीतीवर २०१५ मध्ये काही शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिले. दरम्यान कॅमेऱ्यांची संख्या वाढत गेल्याने प्रत्यक्ष छायाचित्रांवर आधारलेला हिस्साही वाढला.

मात्र चार वर्षांतून एकदा होणारी गणना जगण्याचे प्रमाण सांगायला पुरेशी नाही. चार वर्षांच्या खंडात वाघ येतो, जातो आणि मरतो; हजेरीपटात त्याची ओळही उमटत नाही. त्यासाठी त्याच जंगलात, त्याच हंगामात, दरवर्षी कॅमेरे लावावे लागतात. व्याघ्र प्रकल्पांत अशी वार्षिक पाहणी होते आणि वाघांच्या छायाचित्रांचा राष्ट्रीय संग्रहही आहे. जप्त केलेले कातडे कोणत्या जंगलातील वाघाचे, हे त्यावरून पट्टे जुळवून शोधता येते. व्याघ्र प्रकल्पांबाहेर मात्र चित्र वेगळे आहे. चंद्रपूर जिल्ह्यासारख्या भागात शेताच्या बांधापर्यंत वाघ वावरतात. विजेच्या तारा, रस्ते आणि विहिरी यांचा धोका तेथेच अधिक आहे. जगण्याची नोंद जेथे सर्वांत गरजेची, तेथे ती ठेवणे सर्वांत कठीण जाते.

ओळख पटलेल्या वाघाचे मरण लपत नाही, याचा दाखला सरिस्कानेच दिला. २००८ पासून तेथे रणथंबोरहून वाघ आणून सोडले गेले. प्रत्येकाला क्रमांक आणि कॉलर होती. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांतला पहिला नर विषबाधेने मेला, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली.

वाघांची संख्या वाढल्याची बातमी आनंदाचीच असते. पण ती वाचताना दोन प्रश्न विचारण्याची सवय लागायला हवी. या आकड्यात कमी-अधिक किती, आणि गेल्या वेळी ओळखलेल्या वाघांपैकी यंदा किती आढळले? व्याघ्र प्रकल्पाच्या अहवालात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असेल, तर संरक्षणाचा पैसा कोठे लागू पडला, ते तपासता येईल. ते नसेल, तर पुढच्या गणनेत येणारा आकडा चांगला असो वा वाईट, त्याचे कारण सांगता येणार नाही.